गुंज, ग्रेन आणि मिलिग्रॅम : औषधाच्या मापाचा इतिहास

ॲट्रोपीनचे इंजेक्शन आपल्याकडे प्रामुख्याने ०.६ मिलिग्रॅमच्या कुपीत मिळते. ॲस्पिरिनची एक प्रचलित गोळी ३२५ मिलिग्रॅमची असते, क्विनीनची ३०० मिलिग्रॅमची, तर फिनोबार्बिटोनच्या गोळ्या ३० आणि ६० मिलिग्रॅमच्या असतात. दशमान पद्धतीत वाढलेल्या माणसाने या मात्रा नव्याने ठरवल्या असत्या, तर त्याने ०.५ किंवा १ असे सुटसुटीत आकडे निवडले असते. मग ०.६ आणि ३२५ आले कुठून?

उत्तर जुन्या इंग्रजी मापात आहे. एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम. पाच ग्रेन म्हणजे ३२४ मिलिग्रॅम. ते कोणी ३२५ धरले, कोणी ३००. ग्रेनचा शंभरावा भाग म्हणजे ०.६४८ मिलिग्रॅम, त्याचे ०.६ झाले. माप बदलले, पण औषधाची मात्रा तीच राहिली.

औषध बनवण्याचे गणित तसे अवघड नाही. त्रैराशिक, शेकडेवारी आणि मिश्रणाची उदाहरणे येणारा आठवीचा विद्यार्थी ते करू शकेल. तरीही त्यातली चूक जिवावर बेतू शकते. गुणाकार-भागाकार अचूक असूनही एका मापातून दुसऱ्या मापात जाताना चूक शिरते. म्हणून या गणिताचा इतिहास हा बऱ्याच अंशी मापांचा इतिहास आहे.

एक तोळा, तीन वजने

नाशिकच्या सराफ बाजारात आज सोने ग्रॅमवर तोलले जाते, पण बोलण्यात तोळा टिकून आहे. पूर्वी सराफ आणि वैद्य यांचे कोष्टक एकच होते : ८ गुंजा म्हणजे १ मासा, १२ मासे म्हणजे १ तोळा, म्हणजेच ९६ गुंजांचा तोळा. गुंज हे वेलीचे लाल-काळे बी. एकेका बीचे वजन थोडे कमी-जास्त असते, पण पुष्कळ बिया एकत्र घेतल्या की सरासरी बरीच स्थिर राहते.

इतर वजनांत मात्र गोंधळ होता. मुंबईचा मण २८ पौंडांचा, तर बंगाली मण ८२ पौंडांहून थोडा अधिक होता. १८३३ साली कंपनी सरकारने तोळा १८० ग्रेनचा ठरवला आणि रुपयाचे नाणेही त्याच वजनाचे ठेवले. त्यामुळे घरोघरी एक प्रमाणित वजन पोचले. आजीबाईच्या औषधातील ‘रुपयाभार’ हा शब्द याच नाण्याचा. या हिशेबाने तोळा ११.६६४ ग्रॅमचा आणि गुंज १२१.५ मिलिग्रॅमची होते.

भारत सरकारने १९७८ साली आयुर्वेदीय योगसंग्रहाचा पहिला भाग प्रसिद्ध केला. त्यात सोयीसाठी गुंज १२५ मिलिग्रॅमची, मासा १ ग्रॅमचा आणि तोळा १२ ग्रॅमचा धरला आहे. सराफाचा बोलीतला तोळा आता १० ग्रॅमचा झाला आहे. म्हणजे शब्द एक, पण वजने तीन : १०, ११.६६ आणि १२ ग्रॅम.

ही अडचण नवी नाही. शार्ङ्गधरसंहितेत मागध आणि कलिंग अशी दोन माने दिली आहेत. मागध मानात मासा ६ गुंजांचा, तर कलिंग मानात ८ गुंजांचा आहे. कोणते मान घेतले ते सांगितले नाही, तर औषध एक तृतीयांशाने वाढू शकते. मात्र कृतीतले सर्व घटक एकाच मानाने घेतले, तर त्यांचे आपसातले प्रमाण बिघडत नाही. काढ्याचा नेहमीचा नियम पाहा : एक भाग वनस्पती, सोळा भाग पाणी आणि आटवून आठवा हिस्सा शिल्लक. ४८ ग्रॅम वनस्पतीला ७६८ मिलिलिटर पाणी घ्यायचे आणि ९६ मिलिलिटर काढा उरवायचा. येथे तोळा कितीचाही धरला तरी काढ्याची तीव्रता तीच राहते. रुग्णाला किती काढा द्यायचा, हे ठरवताना मात्र मापाचा निर्णय टाळता येत नाही.

पाटणच्या मठातील माप

नाशिकहून रेल्वेने मनमाडमार्गे चाळीसगावला उतरले की तेथून जवळच पाटण हे ठिकाण आहे. तेथील एका शिलालेखात, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद आहे. लेख शके ११२८ चा, म्हणजे इ.स. १२०७ च्या सुमाराचा. तो १८६५ साली अभ्यासकांच्या नजरेस आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. ते मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर होते. लेखाच्या अखेरच्या मराठी ओळींत मठाच्या उत्पन्नाची तरतूद आहे आणि जे मापायचे ते मठाच्या मापाने मापावे, असेही सांगितले आहे. गणित शिकवणाऱ्या संस्थेकडेच प्रमाणित माप असावे, ही गोष्ट शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

या मठात ज्यांचे अध्ययन होत असे, त्या ग्रंथांचा कर्ता म्हणजे ‘लीलावती’चा कर्ता. ‘लीलावती’त (इ.स. ११५०) त्रैराशिकाची पहिली दोन उदाहरणे केशर आणि कापूर यांची आहेत. हे दोन्ही पदार्थ वैद्याच्या फडताळावर असणारच. आपल्या विषयाला अधिक जवळचा आहे तो ‘सुवर्णगणित’ हा भाग. शुद्ध सोन्याचा वर्ण १६ धरला जाई. १३, १२, ११ आणि १० वर्णांचे सोने अनुक्रमे १०, ४, २ आणि ४ मासे घेऊन एकत्र आटवले, तर मिश्रणाचा वर्ण किती? वजन आणि वर्ण यांचे गुणाकार करून बेरीज केली की १३० + ४८ + २२ + ४० = २४० येतात. एकूण २० माशांनी भागले की उत्तर १२. हेच सोने शुद्ध करताना १६ मासे उरले, तर वर्ण २४० ÷ १६ = १५. काढा आटवताना तीव्रता वाढते, त्यामागचे गणित हेच. गुणाकारांची बेरीज कायम राहते, भाजक बदलतो.

पुढचे उदाहरण याहून उपयोगी आहे. १६ आणि १० वर्णांच्या सोन्यापासून १२ वर्णाचे सोने करायचे, तर दोन्ही किती घ्यावे? भास्कराचार्यांची रीत अशी : इष्ट वर्णातून कमी वर्ण वजा करा (१२ – १० = २); तेवढे भाग जास्त वर्णाचे घ्या. जास्त वर्णातून इष्ट वर्ण वजा करा (१६ – १२ = ४); तेवढे भाग कमी वर्णाचे घ्या. प्रमाण १ : २.

औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्याला हीच रीत ‘ॲलिगेशन’ या नावाने शिकवतात. समजा, सॅलिसिलिक आम्लाची १२ टक्के आणि ३ टक्के अशी दोन मलमे आहेत आणि ६ टक्क्यांचे ३० ग्रॅम मलम हवे आहे. जास्त तीव्रतेचे ६ – ३ = ३ भाग, कमी तीव्रतेचे १२ – ६ = ६ भाग; म्हणजे १० ग्रॅम आणि २० ग्रॅम. पडताळा : १.२ + ०.६ = १.८ ग्रॅम आम्ल ३० ग्रॅम मलमात, म्हणजे बरोबर ६ टक्के. ही रीत वजनांना नेमकी लागू पडते. अल्कोहोल आणि पाणी आकारमानाने मिसळताना मात्र एकूण आकारमान किंचित घटते. ५० अधिक ५० मिलिलिटर मिळून १०० होत नाहीत. म्हणून तेथे हिशेबाइतके अल्कोहोल घेऊन शेवटी खुणेपर्यंत पाणी घालायचे असते.

कंपाउंडरची बाटली

इंग्रजी दवाखान्यांबरोबर नवे कोष्टक आले. २० ग्रेन म्हणजे १ स्क्रूपल, ३ स्क्रूपल म्हणजे १ ड्राम, ८ ड्राम म्हणजे १ औंस. द्रवासाठी ६० मिनिमचा ड्राम आणि ८ ड्रामचा औंस. दोन्हीकडे औंसात ४८० भाग असल्याने एक मिनिम पाण्याचे वजन एक ग्रेन असेल असे वाटते. प्रत्यक्षात एक द्रव औंस पाण्याचे वजन ४३७.५ ग्रेन भरते. म्हणजे मिनिमचे वजन सुमारे ०.९१ ग्रेन. म्हणून एक टक्क्याचे द्रावण करताना १ ग्रेन औषध १०० ऐवजी ११० मिनिममध्ये विरघळवावे लागे. हे विसरणाऱ्याचे द्रावण एक दशांशाने अधिक तीव्र होई.

रुग्ण घरून बाटली आणत. कंपाउंडर मिश्रण भरून बाटलीवर कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवून देई; एक खाच म्हणजे एक डोस. सहा औंसांच्या बाटलीत अर्ध्या औंसाचे बारा डोस. डोसमागे ५ ग्रेन औषध हवे असेल, तर बाटलीत ६० ग्रेन, म्हणजे नेमका एक ड्राम. पण रुग्णाची बाटली आठ औंसांची असली आणि ती गळ्यापर्यंत पाण्याने भरली, तर प्रत्येक अर्ध्या औंसात ३.७५ ग्रेनच औषध जाई. आकडेमोड बरोबर, पट्टी बरोबर, पण डोस पाव हिश्श्याने कमी.

हे काम पुष्कळ ठिकाणी अल्पशिक्षित माणसांकडे होते. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली १९३० साली नेमलेल्या औषध चौकशी समितीने या परिस्थितीकडे लक्ष वेधले. १९४० चा औषध कायदा आणि १९४८ चा फार्मसी कायदा ही त्यानंतरची पावले. औषध बनवणाऱ्याच्या शिक्षणाला आणि नोंदणीला कायद्याचा आधार मिळाला.

दशमान आले तरी

१ एप्रिल १९५७ रोजी नया पैसा आला आणि ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली. कोष्टके पाठ करण्याचा भार गेला, पण धोक्याच्या दोन नव्या जागा तयार झाल्या. पहिली, ग्रेन आणि ग्रॅम या नावांतील साम्य : ग्रॅम हा ग्रेनच्या १५.४ पट आहे. दुसरी, दशांश चिन्ह. शून्य न लिहिता ‘.५’ असे लिहिले आणि ठिपका पुसट झाला की ५ वाचले जाते, ‘५.०’ चे ५० होतात. जुन्या अपूर्णांकात असा दसपटीचा घोटाळा सहसा होत नसे. म्हणून ‘०.५’ आणि ‘५’ असेच लिहावे, हा नियम गणिताच्या वहीतही पाळायला हवा.

काट्याला न पेलणारे वजन

साध्या औषधी काट्यावर १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी वजन विश्वासाने करता येत नाही. मग ०.६ मिलिग्रॅम ॲट्रोपीनच्या दहा पुड्या, म्हणजे एकूण ६ मिलिग्रॅम औषध, कसे तोलायचे? १०० मिलिग्रॅम ॲट्रोपीन ९०० मिलिग्रॅम लॅक्टोजबरोबर खलात घोटायचे. या भुकटीच्या १०० मिलिग्रॅममध्ये १० मिलिग्रॅम औषध असते. ते १०० मिलिग्रॅम घेऊन पुन्हा ९०० मिलिग्रॅम लॅक्टोजमध्ये घोटायचे. आता या दुसऱ्या भुकटीच्या ६०० मिलिग्रॅममध्ये नेमके ६ मिलिग्रॅम औषध आहे. त्यात ४०० मिलिग्रॅम लॅक्टोज मिसळून १०० मिलिग्रॅमच्या दहा पुड्या बांधायच्या. काटा तोच, पण दोनदा दहापटीने विरल केल्यामुळे त्याच्या शक्तीबाहेरचे वजन साधले. घोटण्यात मात्र हयगय चालत नाही. मिश्रण एकजीव नसेल तर एका पुडीत दुप्पट आणि दुसरीत काहीच नाही, असे होऊ शकते.

वर्गात काय करता येईल?

शंभर मूग किंवा चिंचोके तोलून एका दाण्याचे सरासरी वजन काढता येईल. मग दहा-दहाचे गट तोलून फरक किती पडतो ते पाहावे. गुंजेसारखे बी वजन म्हणून का चालले आणि अखेर का सोडावे लागले, हे त्यावरून कळते. गुंजा मात्र वापरू नयेत. त्या विषारी असतात.

दुसरा प्रयोग घरातल्या औषधाचा. लहान मुलांचे काही प्रतिजैविक बाटलीत भुकटीच्या रूपात मिळते. समजा, खुणेपर्यंत पाणी घातल्यावर ६० मिलिलिटर औषध होते आणि ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम, म्हणजे बाटलीत एकूण १५०० मिलिग्रॅम आहे. एखाद्याने खुणेकडे न पाहता ६० मिलिलिटर पाणी मोजून ओतले आणि भुकटीने जागा व्यापल्यामुळे एकूण ६६ मिलिलिटर झाले, तर ५ मिलिलिटरमध्ये किती औषध येईल? उत्तर सुमारे ११४ मिलिग्रॅम. विद्यार्थ्यांना प्रत्येक पायरीवर एकक लिहायला लावावे आणि उत्तर काढण्यापूर्वी ते १२५ पेक्षा कमी येईल की जास्त, याचा अंदाज विचारावा. औषधाचे गणित करणाऱ्याला या दोन सवयी सर्वाधिक उपयोगी पडतात.