पाणवठा आणि ‘आम्ही’ : मराठी गाऱ्हाण्याचा एक इतिहास

नळाला पाणी नाही, गटार तुंबले आहे, रस्त्यावरचा दिवा लागत नाही अशा तक्रारींना साहित्याच्या इतिहासात जागा मिळत नाही. त्या वर्तमानपत्राच्या रद्दीत किंवा नगरपालिकेच्या दप्तरात पडून राहतात. तरीही एखाद्या वस्तीतले लोक स्वतःला कोणत्या शब्दांत ‘आम्ही’ म्हणतात, हे पाहायचे तर या तक्रारींइतके बोलके साधन दुसरे नाही. कवितेतला ‘आम्ही’ पुष्कळदा अलंकारिक असतो. पाण्यासाठी केलेल्या अर्जातल्या ‘आम्ही’ला मात्र घर असते, गल्ली असते, हंडे असतात, आणि त्याच्या बाहेर कोणाला ठेवले आहे, हेही त्यातच नोंदलेले असते. प्रस्तुत लेखात पाणवठ्याच्या निमित्ताने या ‘आम्ही’चा माग काढण्याचा प्रयत्न आहे.

‘गाऱ्हाणे’ हा शब्दच मुळात पाहण्यासारखा आहे. गवळणींमध्ये गोपी यशोदेपुढे कृष्णाची गाऱ्हाणी मांडतात, आणि त्यांतल्या कितीतरी पाणवठ्याच्या वाटेवर घडलेल्या असतात. कोकणात गाऱ्हाणे ग्रामदेवतेला ‘घातले’ जाते. मानकरी सगळ्या गावाच्या वतीने बोलतो आणि जमलेले लोक प्रत्येक मागणीला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार भरतात. तिसरे रूप ‘जोहारा’चे. गावकीचा महार धन्याला जोहार करून गावाची हालहवाल सांगतो, तो साचा चोखामेळ्याने आणि एकनाथांनी काव्यात वापरला. म्हणजे अर्ज आणि निवेदन हे इंग्रजी अमदानीत आले असले, तरी त्यांना लागणारी वाणी मराठीत आधीपासून होती. तिच्यात एक भेदही आधीपासून होता. मानकऱ्याचे गाऱ्हाणे साऱ्या गावाचे ठरे. जोहार करणारा गावाची खबर देई, पण गावाच्या वतीने मागणे मागण्याचा अधिकार त्याला नव्हता.

या भेदाची दुसरी बाजू अधिक विलक्षण आहे. शिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष मोलाची मानली जाई, कारण गावाची हद्द त्याच्याइतकी कोणालाच ठाऊक नसे. गोतसभेच्या महजरावर निरनिराळ्या वतनदारांच्या आणि बलुतेदारांच्या निशाण्या उमटत. गावाची सीमा कोठे संपते हे ज्याने सांगायचे, त्यालाच त्या सीमेच्या आतल्या विहिरीवर पोहरा टाकायला बंदी होती. गाव त्याच्या शब्दावर उभे होते, पाणवठा मात्र त्याचा नव्हता. एकोणिसाव्या शतकात ‘नागरिक’, ‘रहिवासी’, ‘सार्वजनिक’ हे शब्द नव्या अर्थाने रुळू लागले, तेव्हा त्यांच्या पोटात ही विसंगती तशीच शिल्लक राहिली होती.

शहरांत पाण्याचा प्रश्न लवकर उभा राहिला. पुण्यात अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावातून दगडी नळाने पाणी आणून ते शहरातल्या हौदांत खेळवले गेले. मुंबईत विहिरी, तलाव आणि भिस्त्यांच्या पखाली यांवरच भिस्त होती. वस्ती वाढली, उन्हाळ्यात विहिरी आटू लागल्या आणि 1850 नंतरच्या दशकात टंचाई असह्य झाली. 1860 साली विहार तलावाचे पाणी शहरात आले. पुढे 1879 साली तुळशीचे आणि 1892 साली तानसाचे आले. 1863 साली ‘मुंबईचे वर्णन’ लिहिणारे गोविंद नारायण माडगांवकर ज्या नगराची नोंद करत होते, ते नळ नुकताच पोहोचलेले नगर होते.

याच काळात गाऱ्हाणे छापखान्यात शिरले. 1832 साली ‘दर्पण’, 1841 साली ‘प्रभाकर’ आणि 1849 साली ‘ज्ञानप्रकाश’ निघाले, आणि वाचकाचे पत्र हा गद्यप्रकार मराठीत स्थिरावला. लोकहितवादींची ‘शतपत्रे’ 1848 पासून ‘प्रभाकर’मध्ये पत्रांच्याच रूपाने आली, हा योगायोग नव्हे. मराठी वैचारिक गद्याने आपल्या घडणीच्या काळात प्रबंधाचा नव्हे, तर पत्राचा घाट पत्करला. संपादकाला उद्देशून लिहायचे, सही बहुधा टोपणनावाची करायची आणि बोलायचे मात्र ‘लोकां’च्या वतीने, ही त्या पत्राची रीत होती. देवळापुढच्या मानकऱ्याची जागा आता लिहिता-वाचता येणाऱ्या गृहस्थाने घेतली. ‘व्हय म्हाराजा’ म्हणणारा समुदाय मात्र छापील कागदावर दिसत नाही. तो आहे असे गृहीत धरलेले असते. पुढच्या साऱ्या गोंधळाचे मूळ या गृहीतात आहे.

नगरपालिकांनी या गृहीताला कायद्याचे रूप दिले. मुंबईत 1872 च्या कायद्याने चौसष्ट सभासदांची पालिका आली आणि त्यांतले निम्मे करदात्यांनी निवडायचे ठरले. ‘आम्ही’ म्हणजे कर भरणारे, अशी व्याख्या झाली. चाळीतला भाडेकरू, गिरणीतला कामगार, घरोघर पाणी भरणारी बाई हे त्या व्याख्येत बसत नव्हते. वास्तविक पाणी न आल्याची झळ सर्वांत आधी लागते ती हंडा घेऊन रांगेत उभी राहणाऱ्या बाईला. तिच्या नावाचे पत्र त्या काळच्या पत्रव्यवहारात शोधूनच काढावे लागेल.

गाऱ्हाणे कधी कधी उलट्या दिशेनेही वाहते. 1911 साली डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाच्या कारणांवर अहवाल दिला आणि शहरातल्या विहिरी डासांची पैदास करतात, असा निष्कर्ष काढला. पालिकेने विहिरी बुजवण्याचा किंवा झाकण्याचा तगादा लावला. पारशी व हिंदू रहिवाशांनी हरकत घेतली, कारण धार्मिक विधींना विहिरीचेच पाणी लागे आणि नळाचे चालत नसे. अखेर काही विहिरींवर जाळी आणि झडप बसवून तोड काढण्यात आली. 1725 सालची भिका बेहराम विहीर आजही मुंबईत आहे. या वादात दोन्ही बाजूंना काही तथ्य होते. डास खरे होते, श्रद्धाही खरी होती. परंतु त्याहून लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की सरकारने हे गाऱ्हाणे ऐकून घेतले. अर्जदारांकडे मालमत्ता होती, वकील होते, वर्तमानपत्रे होती. विधीसाठी विहीर हवी म्हणणाऱ्याशी वाटाघाट झाली. पिण्यासाठी विहीर हवी म्हणणाऱ्याशी ती होण्यास अजून अवकाश होता.

या दुसऱ्या मागणीचा इतिहास वेगळ्या वाटेने जातो. 1868 साली जोतीराव फुल्यांनी पुण्यातल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. येथे अर्ज नाही, पत्र नाही; एका घरमालकाने आपल्या मालकीच्या पाण्यावरची वहिवाट मोडली. पुढे 1876 पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. खडकवासल्याच्या धरणाच्या कामालाही त्यांनी कंत्राटदार म्हणून माल पुरवला होता. धरण बांधणारे हात, पालिकेतला सभासद आणि हौद उघडणारा गृहस्थ या तिन्ही ठिकाणांहून त्यांना पाणी दिसले. त्यांच्या गद्यात वेठीला आलेला शेतकरी आणि त्याला नागवणारे अधिकारी इतक्या तपशिलाने का येतात, याचा थोडा उलगडा येथे होतो. ते गाऱ्हाणे वरून मांडलेले नाही.

1923 साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला : सार्वजनिक पैशाने बांधलेले वा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात. 1924 साली महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर गाऱ्हाणे मिटले. प्रत्यक्षात तळ्याकडे कोणाला फिरकता येईना. मग 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेला जमलेल्या लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर मारहाण झाली, पंचगव्याचे घडे ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले आणि पालिकेने आपला ठराव मागे घेतला. ज्या तळ्यावर इतर धर्मांच्या लोकांना आणि जनावरांना मज्जाव नव्हता, तेथे ही शुद्धी झाली.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात स्पृश्य रहिवासी न्यायालयात गेले. तळे आमचे, निदान त्यावरची वहिवाट तरी आमची, आणि अस्पृश्यांना वगळणे ही अनादि रूढी, असे त्यांचे म्हणणे होते. गाऱ्हाण्याच्या दृष्टीने ही संहिता मुळातून वाचण्यासारखी आहे. येथे ‘रहिवासी’ हा शब्दच कुंपणासारखा वापरला आहे : तळ्याकाठी घरे आमची, म्हणून पाणी आमचे. दावा दहा वर्षे चालला. 1937 साली मुंबई उच्च न्यायालयाने अंतिम निकाल दिला. अशी अनादि रूढी सिद्ध झालेली नाही, असे न्यायालयाने म्हटले. निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला. पण तो समतेच्या तत्त्वावर नव्हे, वादींना पुरावा देता आला नाही म्हणून लागला, हे विसरता येत नाही. रूढी सिद्ध झाली असती तर काय, हा प्रश्न तसाच राहिला होता.

त्याचे उत्तर संविधानाने दिले. अनुच्छेद 15 च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आहे. राज्याच्या पैशाने पूर्णतः वा अंशतः राखलेल्या अशा जागांच्या वापरास धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून मज्जाव करता येणार नाही. मूलभूत हक्कांच्या उदात्त भाषेत ‘विहीर’ हा शब्द खटकत नाही काय? खटकावाच. बोले ठरावाची आणि महाडची आठवण त्या एका शब्दात साठलेली आहे. स्थानिक गाऱ्हाणे देशाच्या कायद्यात जाऊन बसते तेव्हा त्याला चिकटलेली गल्लीतली माती सोबत जाते, ती अशी.

साहित्यात हा ‘आम्ही’ उशिरा, पण निःसंदिग्धपणे आला. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ची आणि ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ची शीर्षके या दृष्टीने वाचावीत. दुसऱ्या शीर्षकातला ‘ही’ हा निपात फार बोलका आहे. गाऱ्हाणे घालणाऱ्याने ज्यांना मोजलेच नव्हते, त्यांनी स्वतःला मोजून घेतल्याची ती खूण आहे.

प्रश्न अर्थात संपलेला नाही, त्याने कपडे बदलले आहेत. मुंबईत ठरावीक तारखेनंतर उभ्या राहिलेल्या झोपड्यांना अधिकृत नळजोड न देण्याचे धोरण होते. 15 डिसेंबर 2014 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की झोपडी बेकायदा आहे म्हणून पाण्याचा हक्क नाकारता येणार नाही. तो जगण्याच्या हक्काचा भाग आहे. चवदार तळ्याच्या दाव्यात रूढीचे वय विचारले गेले होते, येथे झोपडीचे वय विचारले जात होते. पहिल्या वेळी पुरावा अपुरा पडला म्हणून पाणी मोकळे झाले. दुसऱ्या वेळी, पाणी मागणाऱ्याला पुरावा विचारायचाच का, येथपर्यंत आपण आलो. हे अंतर थोडे नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्याने जुन्या वर्तमानपत्रांचा पत्रव्यवहार चाळताना म्हणूनच सर्वनामांकडे लक्ष द्यावे. ‘आम्ही रहिवासी’ असे जेथे दिसेल, तेथे नळ कोणाच्या दारात आहे आणि हंडा कोणाच्या डोक्यावर आहे, हे विचारावे. सही करणारा आणि पाणी भरणारा एकच आहे काय, हा प्रश्न त्या प्रत्येक पत्राला विचारता येतो, आणि पत्र बहुधा खरे उत्तर देते.