हेमिसचा मुखवटा उत्सव: जाण्यापूर्वी काय माहीत असावे आणि कोणता प्रश्न सोबत न्यावा

दरवर्षी जून-जुलै आला की लडाखमधील लामांच्या मुखवटा नृत्याचे व्हिडिओ समाजमाध्यमांवर फिरू लागतात. त्याखाली आपल्या तरुणांच्या दोन प्रकारच्या प्रतिक्रिया दिसतात. काही जण ‘बौद्ध संस्कृतीचे वैभव’ म्हणून ते पुढे पाठवतात. काही जण विचारतात, की हे उग्र चेहरे, कवट्या आणि पुतळ्याचा वध बुद्धाच्या धम्मात आले कुठून? बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने अशा ठिकाणी जावे का?

जरूर जावे, पण तयारीने जावे. ही तयारी शरीराची आहे तशीच विचारांचीही आहे. या लेखात लडाखच्या हेमिस गोंपातील उत्सवाची दोन्ही अंगांनी माहिती दिली आहे.

हेमिस कोठे आहे, उत्सव कधी असतो

हेमिस गोंपा लेह शहराच्या आग्नेयेस सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. लेह-मनाली रस्त्यावर कारू हे गाव लागते. तेथून सिंधू नदी ओलांडून एका घळीत चढत गेले की गोंपा दिसतो. तो जवळ जाईपर्यंत दिसत नाही, इतका डोंगराच्या कुशीत लपलेला आहे. सतराव्या शतकात स्तगत्सांग रस्पा या लामांनी लडाखचे राजे सेंगे नामग्याल यांच्या आश्रयाने तो उभारला. हा गोंपा तिबेटी बौद्ध परंपरेतील द्रुकपा काग्यू संप्रदायाचा आहे.

उत्सवाला ‘हेमिस त्सेचू’ म्हणतात. त्सेचू म्हणजे महिन्याची दहावी तिथी. तिबेटी पंचांगाच्या पाचव्या महिन्याच्या दहाव्या व अकराव्या दिवशी, गुरू पद्मसंभव यांच्या जन्मदिनानिमित्त तो होतो. पंचांग चांद्र असल्याने इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. २०२४ मध्ये उत्सव १६ व १७ जूनला होता, तर २०२५ मध्ये ५ व ६ जुलैला. त्यामुळे आधी त्या वर्षाची तारीख पक्की करावी आणि मगच तिकिटे काढावीत. लडाखमधील बरेच गोंपा-उत्सव कडाक्याच्या थंडीत होतात. हेमिसचा उन्हाळ्यात होतो, म्हणून बाहेरच्यांची गर्दी येथे सर्वाधिक असते.

दर बारा वर्षांनी, तिबेटी पंचांगातील माकड-वर्षात, पद्मसंभवांचा मोत्यांनी मढवलेला प्रचंड थंका (कापडी पट) लोकांसमोर उलगडला जातो. २००४ आणि २०१६ ही अशी वर्षे होती. पुढचे माकड-वर्ष २०२८ आहे.

छम म्हणजे काय

या नृत्याचे नाव ‘छम’. ते करणारे व्यावसायिक कलाकार नसतात. गोंपातीलच भिक्खू अनेक आठवडे सराव करून ते सादर करतात. प्रत्येक पाऊल आणि हाताची प्रत्येक मुद्रा ठरलेली असते. नाचणाऱ्याने ज्या देवतेचा मुखवटा घातला आहे, तिचे मनात ध्यान धरायचे असते. म्हणून नाच संथ असतो आणि पुन्हा पुन्हा तेच पाऊल पडते. सिनेमातल्या वेगाची सवय असलेल्याला पहिल्या अर्ध्या तासात कंटाळा येऊ शकतो. तेवढा वेळ बसून राहिले की त्या संथपणाचा अर्थ कळू लागतो. पावलागणिक थांबणारे ते ध्यान आहे.

वाद्येही भिक्खूच वाजवतात. जमिनीवर टेकवून फुंकायचे लांबलचक तुतारीसारखे ‘दुंगचेन’, सनईच्या जातीचे ‘ग्यालिंग’, मोठ्या झांजा आणि उभ्या दांड्याचे ढोल असतात. आपल्याकडे जव्हार-मोखाड्याचा बोहाडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मुखवट्याचे हे जग अगदीच परके वाटणार नाही.

अंगणात काय ओळखावे

कोण काय आहे हे माहीत नसेल तर सगळे मुखवटे सारखेच ‘राक्षसाचे’ दिसतात. त्यामुळे एवढे तरी लक्षात ठेवावे:

पद्मसंभव आणि त्यांची आठ रूपे: हा उत्सवाचा गाभा आहे. मुख्य गुरू छत्राखाली, मिरवणुकीने येतात. आठ रूपांपैकी काही शांत आहेत, काही उग्र. त्यातील ‘शाक्य सेंगे’ म्हणजे शाक्यसिंह हे रूप शाक्यमुनी बुद्धासारखे असते. ते आवर्जून शोधावे.

काळ्या टोपीचे नर्तक: यांना मुखवटा नसतो. रुंद काठाची काळी टोपी आणि मोठ्या बाह्यांचा झगा असतो. परंपरा सांगते, की तिबेटचा राजा लांगदर्मा धम्माचा छळ करू लागला, तेव्हा ल्हालुंग पाल्गी दोर्जे या भिक्खूने अशा झग्याच्या बाहीत धनुष्यबाण लपवून नेला आणि इसवी सन ८४२ मध्ये राजाला मारले. लांगदर्माने खरोखर किती छळ केला, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत.

सांगाडे: पांढऱ्या कपड्यांवर हाडे काढलेले हे स्मशानाचे रक्षक. ते भीती घालण्यासाठी नाहीत. अनित्यता लहान मुलालाही कळावी, अशी ही सोय आहे.

कणकेचा पुतळा: सातूच्या पिठाचा एक छोटा मानवी आकार अंगणात ठेवला जातो आणि शस्त्राने त्याचे तुकडे केले जातात. कोणत्याही प्राण्याचा बळी दिला जात नाही. लामांच्या स्पष्टीकरणानुसार तो पुतळा म्हणजे लोभ, द्वेष आणि मोह यांनी पोसलेला अहंकार. मारायचा शत्रू बाहेर कोठेही नाही.

विदूषक: गंभीर नृत्यांच्या मधे काही मुखवटाधारी येऊन प्रेक्षकांची थट्टा करतात. आजीबाईंपासून पोरांपर्यंत सगळे हसतात. पवित्र दिवशी हसू वर्ज्य नसते, हेही पाहण्यासारखे आहे.

हे आपल्या धम्मात बसते का?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी अधम्म कशाला म्हणावे हे क्रमाने सांगितले आहे. अलौकिक शक्तींवर विश्वास, ईश्वरावर विश्वास आणि आत्म्यावर विश्वास यांना त्यांनी धम्मात जागा दिली नाही. प्रतिज्ञांनीही अवतार नाकारला आहे. मग देवता, रक्षक, मंत्र आणि गुरूची आठ रूपे यांचे काय करायचे?

पहिली गोष्ट म्हणजे इतिहास समजून घ्यावा. आठव्या शतकात तिबेटचा राजा त्रिसोंग देत्सेन याने नालंदा परंपरेचे आचार्य शांतरक्षित यांना बोलावले. सम्ये येथे तिबेटचा पहिला विहार बांधताना स्थानिक भूतदेवतांनी अडथळे आणले आणि पद्मसंभवांनी त्यांना वश करून धम्माच्या रक्षणाला लावले, अशी कथा आहे. छमची परंपरा आपला उगम या कथेशी जोडते. कथा खरी मानण्याची गरज नाही. पण तिच्यातून एक पद्धत दिसते. नव्या मुलखात गेलेल्या धम्माने तेथील जुन्या देवता हाकलल्या नाहीत, त्यांना दुय्यम काम दिले. त्यातून धम्म तेथे रुजला आणि त्यातूनच कर्मकांडही वाढले. दोन्ही खरे आहे.

दुसरी गोष्ट, वज्रयान हा फक्त हिमालयातला प्रकार नाही. वेरूळच्या १२ क्रमांकाच्या ‘तीन ताल’ लेण्यात बुद्धाभोवती आठ बोधिसत्त्वांची मंडले कोरलेली आहेत. त्या वाटेवरची पावले आपल्याच सह्याद्रीत आहेत.

म्हणून हेमिसला जाताना श्रद्धेचे ढोंग करू नये आणि हेटाळणीही करू नये. तेथे कोणी तुमच्यावर पूजेची सक्ती करत नाही. बुद्धमूर्तीला वंदन करावे, इतर विधी आदराने पाहावेत आणि शंका भिक्खूंना सरळ विचाराव्यात. वादविवाद हा तिबेटी बौद्ध शिक्षणाचा भागच आहे, त्यामुळे प्रश्न विचारला म्हणून कोणी रागावत नाही.

एक दंतकथा मात्र ठामपणे खोडावी. ‘येशू हेमिसला शिकला होता’ असे संदेश अजून फिरतात. निकोलाय नोतोविच या रशियन लेखकाने १८९४ मध्ये पुस्तक छापून हा दावा केला. दुसऱ्याच वर्षी आग्र्याचे प्राध्यापक डग्लस हेमिसला गेले, तेव्हा तेथील प्रमुख लामांनी असे काही हस्तलिखित असल्याचे साफ नाकारले. आपण तरी तो संदेश पुढे पाठवू नये.

ढोल कोण वाजवतो?

आंबेडकरी तरुणाने लडाखला नेण्याचा खरा प्रश्न हा आहे. गोंपातील छमला भिक्खू साथ करतात. पण गावातले लग्न, तिरंदाजीचा उत्सव, पाहुण्यांचे स्वागत अशा प्रसंगी ‘दमन’ नगारे आणि ‘सुरना’ वाजवणारे परंपरेने मोन समाजाचे असतात. बेडा हे फिरते वादक आणि गारा हे लोहार. लडाखी घरात पाहुणे मानाप्रमाणे ओळीने बसतात. या ओळीत या तिघांची जागा परंपरेने शेवटी, दाराकडे. इतरांचे त्यांच्याशी बेटीव्यवहार होत नसत. १९८९ मध्ये लडाखमधील ज्या समूहांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, त्यांत बेडा, मोन आणि गारा ही नावे वेगळी नोंदलेली आहेत.

आपल्याकडे हलगी वाजवणाऱ्याला गावाने कोठे उभे केले होते, हे आपल्याला सांगायला नको. ज्या वाद्याशिवाय सण होत नाही, ते वाजवणाऱ्याला सणात मानाची जागा नाही. हजार वर्षांची बौद्ध परंपरा असलेल्या समाजातही हे घडू शकते, हे पाहून वाईट वाटते, आणि वाटायलाच हवे. लडाखमधील शिकलेले तरुणही आता यावर बोलतात. त्यांच्याशी बोलावे, पण न्यायाधीश होऊन बोलू नये. आपल्या वधू-वर मेळाव्यांत पोटजात अजून विचारली जाते, ही गोष्ट आधी आपण कबूल करावी. मग संवाद बरोबरीचा होतो.

स्त्रियांचा प्रश्नही असाच आहे. छम परंपरेने पुरुष भिक्खूंचेच राहिले. मात्र याच द्रुकपा परंपरेतील भिक्खुणी कुंग-फू शिकतात. २०१६ मध्ये त्यांनी मानवी तस्करीविरोधात काठमांडू ते लेह अशी सुमारे ४,००० किलोमीटरची सायकलयात्रा केली. परंपरा आतून बदलते, ती अशी.

प्रवासाची तयारी

लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. मुंबई-पुण्याहून विमानाने थेट तेथे उतरणाऱ्या शरीराला विरळ हवेची सवय नसते. पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी, पाणी भरपूर प्यावे. डोकेदुखी, मळमळ, झोप न येणे ही उंचीच्या त्रासाची लक्षणे आहेत. ती वाढली, धाप लागली किंवा तोल जाऊ लागला तर लगेच रुग्णालय गाठावे, ‘होईल बरे’ म्हणून थांबू नये. हृदयविकार, दमा किंवा रक्तदाब असेल तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मद्य येथे जास्तच घातक ठरते. पाचवे शील पाळणाऱ्याला ही अडचण नाही. घरी कोणी सातूची ‘छांग’ पुढे केली तर पेल्यावर हात ठेवून हसून नको म्हणावे.

रस्त्याने जायचे तर श्रीनगर-कारगिल मार्ग बरा, कारण उंची हळूहळू वाढते. मनाली मार्गावर ५,००० मीटरपेक्षा उंच खिंड लागते. दोन्ही रस्ते बर्फामुळे हिवाळ्यात बंद असतात. लेहहून हेमिसला टॅक्सी मिळते, उत्सवाच्या दिवशी बसही जातात. सकाळी लवकर निघावे. हेमिसपुरता भारतीयांना परवाना लागत नाही. ऊन प्रखर आणि सावलीत गारठा, म्हणून टोपी, गॉगल आणि स्वेटर तिन्ही हवेत. पाण्याची बाटली घरूनच न्यावी. लडाखमध्ये पाणी कमी आहे आणि प्लास्टिक टाकायला जागा नाही.

गोंपात वागताना

- भेटल्यावर ‘जुले’ म्हणावे. नमस्कार, निरोप आणि आभार या तिन्हींसाठी हा एकच शब्द चालतो.
- स्तूप आणि मणी-भिंत उजव्या हाताला ठेवून जावे.
- प्रार्थनागृहात चप्पल-बूट काढावेत. लामांच्या आसनांवर बसू नये.
- मुखवट्यांना हात लावू नये. नर्तकांसमोर जाऊन सेल्फी काढू नये. आत फोटो काढण्यापूर्वी विचारावे.
- पुढच्या जागा गावकऱ्यांना सोडाव्यात. दूरच्या खेड्यातून जपमाळ घेऊन आलेल्या म्हातारीपुढे आपला कॅमेरा येता कामा नये. हा सण तिचा आहे.

दोन दिवस जास्त ठेवा

नुसता नाच पाहून परतू नये. लेहच्या बाजारातील चोखांग विहारात लडाख बुद्धिस्ट असोसिएशनचे काम चालते. चोगलमसर येथे १९५९ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय बौद्ध विद्या संस्था आहे. भिक्खू संघसेना यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले महाबोधी केंद्रही पाहावे. थेरवादी परंपरेचे असल्याने तेथील पाली वंदना आपल्याला घरच्यासारखी वाटते. लेहचे विमानतळ ज्यांच्या नावाने आहे, ते कुशोक बकुला रिंपोछे लामा होते, खासदार होते आणि मंगोलियात भारताचे राजदूतही होते. राहुल सांकृत्यायन यांचे ‘मेरी लद्दाख यात्रा’ वाचून गेल्यास अधिक उत्तम.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ६५ लाखांहून अधिक बौद्ध आहेत. लडाखमध्ये ते एक लाखाच्या थोडे वर. देशातील बहुसंख्य बौद्ध आपण आहोत, पण हिमालयातील बौद्धांशी आपली ओळख फोटोपुरती आहे. त्यांच्याकडे शतकानुशतके जपलेली साधना, कला आणि ग्रंथ आहेत. आपल्याकडे बाबासाहेबांनी दिलेली समतेची कसोटी आहे. दोघांनी एकमेकांकडे जावे, एवढे अंतर आता विमानाने काही तासांचे उरले आहे. पुढच्या उन्हाळ्यात चार मित्र-मैत्रिणी मिळून बेत आखा. आणि तिकडून कोणी दीक्षाभूमीवर आले, तर त्यांना घरी जेवायला बोलवा.

जयभीम! नमो बुद्धाय!