हुकूम कोणी उघडला?

यंदा दिवाळीला म्हसावदला गेलो होतो. भाचाही आला होता पुण्याहून. वय वर्षं तेरा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाईट गेली आणि सगळे ओट्यावर येऊन बसलो, तेव्हा त्याने बॅगेतून पत्त्यांचा एक डबा काढला. मला वाटलं, चला, मेंढीकोट! पण पत्त्यांवर ना बदाम ना इस्पिक. राक्षस, अस्वलं, जादूगार आणि खाली बारीक अक्षरांत इंग्रजी मजकूर.

"मामा, हे मॅजिक आहे. यात मंत्र टाकायचे असतात."

मी म्हटलं, शिकव. मोबाईलच्या उजेडात शिकवणी सुरू झाली.

तर मंडळी, प्रकार असा. 'मॅजिक: द गॅदरिंग' हा खेळ १९९३ साली अमेरिकेत निघाला. काढला रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणितज्ञाने. जमिनीच्या पत्त्यांतून शक्ती मिळते आणि ती खर्चून मंत्र टाकायचा. काही मंत्र फक्त आपल्या पाळीत, दुसरं काही चालू नसताना टाकता येतात. त्यांना सॉर्सरी म्हणतात. काही मात्र समोरच्याच्या पाळीतही मध्येच टाकता येतात, ते इन्स्टंट.

मी लगेच वकिली प्रश्न विचारला, "दोघांनी एकामागोमाग टाकले तर आधी कोणाचा लागू होणार?"

भाचा खूश झाला. खरी गंमत तिथेच आहे म्हणे. समजा माझं अस्वल आहे, ताकद दोन, जीव दोन. त्याने त्यावर वीज टाकली, तीन घाव. म्हणजे अस्वल मेलंच. पण वीज पडण्याआधी मी उत्तर म्हणून वाढीचा मंत्र टाकू शकतो, त्या पाळीपुरतं तीन-तीन जास्त. शेवटी टाकलेला मंत्र आधी लागू होतो. अस्वल पाच-पाचचं होतं, मग वीज पडते, अस्वल वाचतं. पण मी घाई करून वाढ आधी टाकली आणि त्याने उत्तरात वीज टाकली, तर वीज आधी पडते. अस्वल जातं आणि माझा मंत्र फुकट. पत्ते तेच, फक्त क्रम बदलला.

मला एकदम खळ्यातली कडब्याची गंजी आठवली. शेवटी रचलेली पेंढी आधी निघते. खालची ओढायला गेलात तर अंगावर येते! भाच्याला सांगितलं तर म्हणाला, "हो, याला स्टॅकच म्हणतात." हा गंजीचा नियम पहिल्यापासून नव्हता बरं का. तो आला १९९९ साली, सहाव्या आवृत्तीत. त्याआधीची सहा वर्षं यापेक्षा बरेच किचकट नियम होते. आता त्यांच्या नियमांचा ग्रंथ दोनशे पानांच्या वर गेलाय. आणि एवढं करून त्यातला एक मोठा नियम असा, की पत्त्यावर लिहिलेलं आणि पुस्तकातलं यांत विरोध आला तर पत्ता खरा.

"तुमच्या पत्त्यांवर नियम का लिहिलेले नसतात?" भाच्याने सहज विचारलं.

मी गप्प झालो. कारण त्याच ओट्यावर, न लिहिलेल्या एका नियमापायी, आमच्या घरात नऊ वर्षांचं मौन घडलं होतं.

आजोबा आणि गल्लीतले तात्या रोज दुपारी मेंढीकोट खेळायचे. चार गडी, दोन जोड्या, तेरा तेरा पाने. दश्शी म्हणजे मेंढी. चारही मेंढ्या एका जोडीने ओढल्या की कोट. आमच्याकडे बंद हुकूम चाले. एकाने एक पान पालथं ठेवायचं, त्याचा रंग तो हुकूम. उतारीचा रंग ज्याच्या हातात नाही त्याने म्हणायचं, "हुकूम उघडा." आता तेरा वर्षांच्या मुलासमोर बसून लक्षात आलं, हाही मंत्रच की! पालथा ठेवलेला. उघडला की हुकमाची दुर्री दुसऱ्या रंगाच्या राजाला मारते.

त्या दिवशी आजोबांच्या तीन मेंढ्या झाल्या होत्या. तात्यांनी हुकूम उघडवला. निघाला बदाम. तात्यांच्या हातात बदाम होता, पण त्यांनी तो राखला आणि किलवरची फालतू पान टाकली. पुढे त्याच बदामाने चौथी मेंढी मारली. कोट टळला. आजोबा म्हणाले, उघडवला त्याने हुकूम टाकलाच पाहिजे. तात्या म्हणाले, असं कुठे लिहिलंय?

कुठेच लिहिलं नव्हतं. गंमत म्हणजे दोन्ही पद्धती चालतात, कुठे ही, कुठे ती. दोघंही खरे. आणि दोघंही नऊ वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत.

परतल्यावर या पत्त्यांच्या इतिहासात थोडं डोकावलो. आपल्याकडे बावन्न पानांच्या कितीतरी आधी गंजिफा होता. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला हे पत्ते पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. आपल्या सावंतवाडीचा गंजिफा दशावतारी. दहा अवतार म्हणजे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. एकूण १२० गोल पत्ते. मत्स्याच्या रंगात मासे, कूर्माच्या रंगात कासवं, परशुरामाच्या रंगात परशू. नियम तर ऐका! पाच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, उरलेल्या पाचांत नेमकं उलट. दिवसा डाव सुरू करणार ज्याच्याकडे राम आहे तो, रात्री ज्याच्याकडे कृष्ण आहे तो. आणि हुकूम नाहीच. कुठली पाने पडून गेली हे ध्यानात ठेवायचं, बस्स. म्हणजे सूर्य मावळला की नियम बदलतो, आणि पत्त्यावर एक अक्षर लिहिलेलं नाही!

ही कला जवळजवळ संपत आली होती. १९७० च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती राजवाड्यात पुन्हा उभी केली. आज सावंतवाडीला गेलात तर गंजिफा विकत मिळतो, सुंदर रंगवलेला. पण घेणारे बहुतेक तो भिंतीवर लावतात. पत्ते वाचले, खेळणारे विरळ झाले. नियम माणसांच्या डोक्यात होता, माणसं गेली तसा तोही गेला.

म्हणून मला वाटायला लागलं होतं की भाच्याचंच बरोबर, सगळं लिहूनच ठेवावं. पण तात्या आठवतात. आजोबांच्या दहाव्याला आले, ओट्यावर टेकले. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "टाकायला पाहिजे होता मी बदाम. खेळायला तरी मिळालं असतं."

दोनशे पानांत हा नियम सापडेल असं वाटत नाही.

असो. निघताना भाच्याला मेंढीकोट शिकवला. डाव मांडण्याआधी त्याने विचारलं, "हुकूम उघडवला तर टाकावाच लागतो का?" मी म्हटलं, आधी चौघांना विचारून घे. चौघांनी ठरवलं, टाकायचाच. वहीच्या पानावर त्याने ते लिहून घेतलं, आणि लाईट येईपर्यंत आम्ही खेळलो.

तुमच्या घरी कसं खेळायचे? घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून ठेवा. लवकर विचारा.