तबकडीवरचे गंधर्व आणि रंगभूमीवरचे

दिवाळी आली की आमच्या घरी माळ्यावरून दोन वस्तू खाली येत : आकाशकंदिलाचा सांगाडा आणि आजोबांचा फोनो. कंदिलाला नवा कागद लागे, फोनोला नवी पिन. फराळ उरकला की आजोबा चावी भरून बालगंधर्वांची तबकडी लावीत, आणि दरवर्षीचा वाद सुरू होई. गंधर्व नाटक मंडळीचे सर्वांत श्रेष्ठ नाटक कोणते? मी शाळकरी पोर ठामपणे सांगे, ‘स्वयंवर’. आजोबा म्हणत, "एकच प्याला. तू तबकडी ऐकली आहेस, बाळ. मी नाटक पाहिले आहे."

आजोबा १९१२ सालचे. ऐन तारुण्यात सांगलीस त्यांनी मंडळीचे खेळ पाहिले होते. मी मॅट्रिकच्या वर्गात होतो त्या दिवाळीत मात्र एकदा बोलून गेलो, "तुमच्या आठवणीला पुरावा काय? माझा पुरावा हा इथे फिरतो आहे!" आजोबा काहीच बोलले नाहीत. पुढच्या वर्षी फोनो माळ्यावरून त्यांनी आपण होऊन काढला नाही. मलाच काढावा लागला.

आता वर्गात मुलांना पुराव्याची पारख शिकवताना माझे ते वाक्य मलाच टोचते. कारण ज्याला मी पुरावा म्हणत होतो, तो कसा तयार होई हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

१९०२ साली कलकत्त्यास गौहरजानचे गाणे मुद्रित झाले, त्यानंतर आपल्याकडे तबकड्यांचे युग आले. सुरुवातीच्या काळात मायक्रोफोन नव्हता. गवयाने एका कर्ण्यात तोंड घालूनच गायचे. स्वर चढला की मागे सरायचे, नाहीतर मुद्रण बिघडे. तबल्याचा ठेका जेमतेम उमटे. विजेवरचे मुद्रण १९२५ नंतर आले आणि आवाज स्वच्छ झाला. पण वेळेचे बंधन सुटले नाही. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे, संपले! रंगभूमीवर तेच पद ‘वन्स मोअर’च्या गजरात पुन्हा पुन्हा फुले, दर खेपेस नवी तान घेऊन येई. साथीला कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवांचा तबला. नाटक रात्री सुरू होई ते पहाटेपर्यंत चाले. त्या सगळ्या वैभवातले तीन मिनिटांत किती मावणार?

आता आमच्या दोन नाटकांकडे पाहा. १९१६ च्या डिसेंबरात रंगभूमीवर आलेल्या ‘स्वयंवरा’ला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या. त्या रागदारीच्या चाली इतक्या भरीव की नाटकातून उचलून तबकडीवर ठेवल्या तरी उभ्या राहतात. रुक्मिणी कोण, कृष्ण कोण, हे ठाऊक नसले तरी कान तृप्त होतो. ‘एकच प्याला’ १९१९ सालचे. त्यातील सिंधूचे गाणे तिच्या परिस्थितीपासून तोडता येत नाही. एरव्ही भरजरी शालूत वावरणारे बालगंधर्व ठिगळ लावलेल्या लुगड्यात येऊन उभे राहत. समोर गणपतराव बोडसांचा दारूने बुडालेला सुधाकर. ते लुगडे तबकडीवर दिसत नाही, आणि प्रेक्षागृहातला हुंदका कर्ण्यात शिरत नाही. मी तबकडीवरून क्रम लावीत होतो, त्यामुळे जे नाटक तबकडीला सोसले ते माझ्या लेखी श्रेष्ठ ठरले.

म्हणून तबकडी खोटी म्हणावी काय? तसेही नाही. भास्करबुवा १९२२ साली वारले. त्यांच्या स्वतःच्या आवाजाची तबकडी आज मिळत नाही. परंतु त्यांनी बांधलेल्या चाली बालगंधर्वांच्या तबकड्यांतून अजून ऐकू येतात. शिष्याच्या तीन मिनिटांत गुरूची प्रतिभा शिल्लक राहिली, हे त्या लाखेच्या थाळीचे केवढे उपकार! उलट ८ जुलै १९२१ ची रात्र घ्या. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले. केशवराव भोसले आणि बालगंधर्व एकाच रंगमंचावर उभे राहिले. त्याच वर्षी केशवराव गेले. त्या रात्रीची तबकडी नाही. मराठी रंगभूमीच्या इतिहासात तिला जो मान आहे तो केवळ पाहणाऱ्यांच्या सांगण्यावर. तेथे मी कधी पुरावा मागितला नाही. मागितला तो फक्त आजोबांकडे.

आठवणीलाही खोट असते, हे मी कबूल करतो. आजोबांच्या सांगण्यातले ‘वन्स मोअर’ माझ्या लहानपणी तीन होते, ते मी मोठा होईपर्यंत सात झाले. तबकडी झिजते, आठवण वाढते. दोहोंतून खरे काढायचे तर दोघांनाही शेजारी बसवून ऐकावे लागते.

म्हणून मी आता दोन याद्या करतो. ऐकलेल्या यादीत ‘स्वयंवर’ पहिले; पाहिलेल्या यादीत ‘एकच प्याला’ पहिले. दुसऱ्या यादीला साक्षीदार आजोबा. हे त्यांना सांगायला हवे होते; पण मला समजेपर्यंत ते राहिले नव्हते.

आज त्याच तबकड्या माझा मुलगा मोबाइलवर ऐकतो. परवा तो म्हणाला, "बाबा, ‘स्वयंवर’च भारी!" मी त्याला आधी पणजोबांची सांगली सांगितली. वन्स मोअर मात्र तीनच सांगितले.