गुरांची वंशावळ

इंग्लंडातील लेस्टरशर परगण्यात, डिशली येथे, अठराव्या शतकात रॉबर्ट बेकवेल या खंडकरी शेतकऱ्याने उत्तम नरमादी पारखून, प्रसंगी निकटच्या रक्तसंबंधातच त्यांचा संयोग घडवून, मांसल गुरांची पैदास चालविली. तत्पूर्वी कळप बहुधा सामायिक कुरणांत यदृच्छेनेच वाढत. त्याच मार्गाने गेलेल्या चार्ल्स कॉलिंगचा 'कॉमेट' हा शॉर्टहॉर्न वळू १८१० साली लिलावात १००० गिनींस गेला. तथापि मला त्या किमतीहून थोर वाटते ती जॉर्ज कोट्सने १८२२ साली छापलेली शॉर्टहॉर्न गुरांच्या वंशावळीची वही; कारण गुराचे कूळ, जमिनीच्या मालकीप्रमाणेच, दप्तरी दाखल्याने सिद्ध होऊ लागले ते तिच्यामुळे. पुढे १९४९ साली ग्लिसरीनच्या योगे वीर्य गोठवून टिकविण्याची विद्या ब्रिटिश संशोधकांस साधली, आणि कृत्रिम रेतनाने मृत वळूचीही संतती दूरदेशीच्या गोठ्यांत जन्मू लागली.