शरणागतीची पदे

आपला भार देवावर टाकून त्याच्या मर्जीपुढे मान तुकवणारी गेय रचना. मराठीत ती मुख्यतः करुणापर अभंगांत आणि रामदासांच्या करुणाष्टकांत आढळते. पुण्याच्या दक्षिण टोकाला, कात्रजच्या परिसरात, अशा पदांचे दोन प्रवाह ऐकू येतात.

पहिला वारकरी भजनाचा. पखवाजी डाव्या तोंडावर कणकेचा गोळा थापून आवाज बसवतो आणि टाळकरी उभे राहतात. आधी रूपाचे अभंग. भजन रंगले की करुणा. मोठ्या अभंगाचे तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारच अक्षरांचा. मागणे मांडावे आणि चटकन पायांशी बसावे, अशी ती चाल. पण इथे शरण जाणे म्हणजे गप्प बसणे नव्हे. जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालते, नामदेव हट्टाला पेटतात, चोखोबा जन्माच्या जातीबद्दल जाब विचारतात. 1630 च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात तुकोबांचे दिवाळे निघाले, बायको गेली. त्याबद्दल त्यांनी देवाचे उपकार मानले. त्याच तुकोबांनी आपल्यापुरता देव मेला, असेही एकदा सुनावले. गाथेत दोन्ही आहेत आणि दोन्ही गायले जातात.

दुसरा प्रवाह बंगाली. कात्रज–कोंढवा रस्त्यावरचे इस्कॉनचे मंदिर 2013 मध्ये खुले झाले. इस्कॉन ज्या गौडीय वैष्णव परंपरेतले, तिच्यात भक्तिविनोद ठाकूर (1838–1914) यांच्या ‘शरणागति’ या संग्रहाला मोठा मान आहे. त्यात पदे शरणागतीच्या अंगांप्रमाणे लावलेली आहेत : दैन्य, आत्मनिवेदन, देवाला राखणदार म्हणून वरणे, तो राखीलच हा भरवसा, भक्तीला पोषक ते धरणे, मारक ते सोडणे. ठाकूर नोकरीने डेप्युटी मॅजिस्ट्रेट, तेव्हा हा कलमवार नेटकेपणा कचेरीतून आला असेल, असे वाटून जाते. पण ही अंगे जुन्या वैष्णव ग्रंथांतलीच आहेत. भांडणाला मात्र या मांडणीत वेगळे कलम नाही.

अभंगाचा साचा धर्माची वेस ओलांडूनही गेला. ना. वा. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. परक्या चालींवर बसवलेली भाषांतरित गीते मराठी माणसाच्या तोंडी रुळेनात, म्हणून त्यांनी ख्रिस्ताला शरण जाणारी भजने ओवी-अभंगांत रचली. आपण ख्रिस्तापाशी आलो ते तुकोबांच्या पुलावरून, असे ते सांगत.