भाग ९ : जबलपूरचं हाड आणि माझा दगड

मागच्या भागात ठगांचा बंदोबस्त करणारे विल्यम स्लीमन आपण पाहिले. आज त्याच फौजी अधिकाऱ्याची दुसरी गोष्ट, आणि शेवटी माझी एक कबुली.

१८२८ साली जबलपूरच्या बडा शिमला टेकडीवर स्लीमनना दगड झालेली हाडं मिळाली. तेव्हा ‘डायनासोर’ हा शब्दही नव्हता. तो रिचर्ड ओवेन यांनी १८४२ मध्ये दिला. मग हे हाड कुणाचं? स्लीमननी अंदाज ठोकला नाही. हाडं डॉक्टर स्पिल्सबरींकडे गेली, तिथून कोलकात्यात जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे. तेच प्रिन्सेप, ज्यांनी ब्राह्मी लिपी वाचली. १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी शेपटीच्या मणक्यांवरून प्राण्याचं नाव ठेवलं : टायटॅनोसॉरस इंडिकस. जवळजवळ पन्नास वर्षं लागली!

पुढे ते मणके हरवले. २०१२ मध्ये धनंजय मोहबे आणि शुभाशिस सेन यांना त्यातला एक कोलकात्यात, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात सापडला. दरम्यान २००३ मध्ये अभ्यासकांनी सांगितलं होतं की, लायडेकरनी सांगितलेल्या खुणा इतरही अनेक डायनासोरांत दिसतात, म्हणून हे नाव पक्कं धरता येत नाही. म्हणजे ओळख पुन्हा अधांतरी.

आता माझी गोष्ट. जबलपूरला पोस्टिंग असताना एका रविवारी फिरताना मी मुठीएवढा दगड उचलला. दुधी रंग, काचेसारखी चकाकी, हाडासारखा आकार. पुढची वीस वर्षं तो दिवाणखान्यात ‘डायनासोरचं हाड’ म्हणून मिरवला. नातवालाही मी तेच सांगितलं.

गेल्या वर्षी तुटलेली बाजू भिंगाखाली नीट पाहिली. हाड असतं तर आत स्पंजसारखी जाळी दिसायला हवी होती. इथे बारीक पेशींच्या सरळ रांगा होत्या आणि आडव्या छेदावर वलयं. लाकूड! दख्खनच्या लाव्ह्याच्या काळात पाण्यात विरघळलेली सिलिका लाकडात शिरते, पेशींची जागा घेते, पण घडण तशीच ठेवते. ओपल की अकीक? चाकूने ओरखडाही उठला नाही, म्हणून मी अकीकाकडे झुकतो. पण काही ओपलही चाकूला दाद देत नाहीत. खात्री प्रयोगशाळाच देईल.

नातू म्हणाला, “आजोबा, मग हा कुठे सापडला होता?” मला नेमकी जागा आठवेना. रोज नकाशा वापरणारा मी, पण एक ओळही लिहून ठेवली नव्हती. चुकीचं नाव पुसता येतं, हरवलेली जागा मिळत नाही. स्लीमनच्या हाडांचं नाव डळमळलं, तरी ‘बडा शिमला’ टिकलं, म्हणून त्या टेकडीवर नंतरचे शोध लागले. माझा दगड मात्र नुसता सुंदर आहे.

तेव्हा मंडळी, काही सापडलं तर उचलू नका. फोटो काढा, जागा आणि तारीख लिहा, जाणकाराला कळवा. नाव नंतर ठेवू.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.